कारखान्यातील प्रौढांचे शिक्षण : काही अनुभव
(आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही जुने मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेली. कारखान्याच्या भट्टीशी आमचा संबंध इतकाच की, आमचे वडील व चुलते यांच्या अंगाला तिचा वास येत असे. अशा माणसाने कारखान्यातील शिक्षणाविषयी बोलावे हे पुष्कळांस धाडसाचे वाटेल. परंतु निवृत्तीनंतर संस्थेच्या माडीवर सुट्टीच्या दिवशी कारागिरांचा जो वर्ग आम्ही चालविला, त्यात कारागीर किती शिकले हे तेच जाणोत; आम्ही मात्र पुष्कळ शिकलो. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या सांगितल्या, तर पुढे हे काम करणाऱ्याच्या त्या उपयोगी पडतील, एवढ्याच हेतूने हे निवेदन आहे.

आपला समाज सुतार-लोहारांचा. रंधा, पटाशी, किकरे, वाकस, ऐरण आणि घण हीच आपली पाटी-पुस्तके. आपल्या पूर्वजांनी शिक्षणशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते. परंतु मुलाला शिकवावे कसे हे त्यांना ठाऊक होते. पोर प्रथम भाता ओढी. मग सामान हातात देऊ लागे. मग बापाच्या नजरेखाली एखादे निरुपयोगी फळकूट तासून पाही. बाप बोले थोडे, दाखवी फार. चूक झाली की लाकूडच सांगे, चूक कोठे झाली ते. हे शिक्षण मोठे खरे होते. परंतु त्याची दुसरी बाजूही आपण झाकून ठेवू नये. त्यात मार होता, शिव्या होत्या, आणि हातोटी लपवून ठेवण्याची वृत्तीही होती. कित्येक मिस्त्री आपल्या विद्येची किल्ली कमरेला बांधूनच गेले. शिवाय त्या शिक्षणाला दहा-बारा वर्षे लागत, आणि तेवढा अवकाश आता कोणापाशी उरलेला नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर वाढले, पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले येथे औद्योगिक वसाहती झाल्या, आणि आपले सुतार ओतशाळांत पॅटर्नमेकर झाले. ज्या भगिनींना हा शब्द परिचित नसेल त्यांच्याकरिता सांगतो. लोखंडाची वस्तू ओतावयाची, तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा उठवितात आणि त्या पोकळीत वितळलेला रस ओततात. त्या नमुन्यास पॅटर्न म्हणतात. हे काम सुताराचेच. आता मात्र संगणकावर आकृती काढून यंत्रानेच नमुना कोरून काढण्याची पद्धत आली आहे. ज्याने 25 वर्षे हाताने नमुने केले, त्याला पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी व्हावे लागत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने तरुणांची काही सोय केली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. परंतु चाळिशी-पन्नाशीतील संसारी माणसाने शिकावे कोठे, आणि त्याहून कठीण प्रश्न असा की, त्याला शिकवावे कसे?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वळले ते एका दुःखद प्रसंगामुळे. आमच्या नात्यातील एक होतकरू मुलगा एका ओतशाळेत कामास होता. रस ओतण्याचे भांडे, ज्यास लेडल म्हणतात, ते रात्रभर ओलसर जागी पडले होते. ते तापवून कोरडे न करता त्यात रस घेतला गेला. क्षणार्धात रस उसळला आणि त्या मुलाचा पाय घोट्यापर्यंत भाजला. आम्ही रुग्णालयात त्याच्या उशाशी बसलो असता कोणीतरी सांगितले की, सुरक्षिततेचे शिक्षण त्याला दिलेले होते. वहीत त्याची सही आहे. आम्ही त्या मुलाला विचारले, "बाळ, तुला सांगितलं होतं का?" तो म्हणाला, "काका, एका सायबानं अर्धा तास कागद वाचून दाखवला. मग सही घेतली. काय वाचलं ते मला अजून म्हाईत नाही."

ती सही आमच्या मनातून जाईना. कारण प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, आम्हीही आयुष्यभर अशाच सह्या गोळा केल्या होत्या. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा शेरा दैनंदिनीत लिहिला की आमचे कर्तव्य संपत असे. शिकविणे झाले, शिकणे झाले की नाही, हा प्रश्न निराळा.

2017 च्या पावसाळ्यात संस्थेने माडी दिली आणि वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी 31 माणसे आली. त्यांत विशीतील पोरे होती, पन्नाशीचे मिस्त्री होते, आणि कोअर बनविण्याच्या कामावरील चार भगिनी होत्या. आम्ही नवा खडू घेतला, फळ्यावर तारीख घातली आणि दीड तास अस्खलित व्याख्यान दिले. धातूंचे गुणधर्म, मोजमापाची साधने, अपघात व त्यांची कारणे, असे सर्व काही सांगितले. व्याख्यान संपवून पाहतो तो मागच्या दोन रांगा निद्राधीन झालेल्या! दुसऱ्या खेपेस 19 माणसे आली, तिसऱ्या खेपेस 14. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता, ही म्हण आम्हांस आठवली. परंतु त्या म्हणीतील गाढव कोण, हे समजण्यास आम्हांस आणखी एक आठवडा लागला.

त्या आठवड्यात आम्ही व्हर्नियर कॅलिपर शिकवीत होतो. मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारे ते साधन. फळ्यावर मोठी आकृती काढली आणि समोर बसलेल्या एका ज्येष्ठ पॅटर्नमेकर मिस्त्रींना उठवून म्हटले, "या, वाचून दाखवा." मिस्त्री आले. हातात खडू घेऊन आकृतीकडे पाहत उभे राहिले. त्यांच्याच कारखान्यातील पोरे मागे बसली होती, त्यांचा पुतण्याही होता. मिनिटभर शांतता झाली. आणि आमच्या तोंडून, शाळेतल्या सवयीने, शब्द निसटले : "अहो, इतकी वर्षे मग केलेत काय?" पोरे हसली. मिस्त्रींनी खडू हलकेच फळ्याच्या कडेवर ठेवला, टोपी सारखी केली आणि जिना उतरून ते निघून गेले. पुढच्या खेपेस त्यांच्या कारखान्याचा एकही माणूस आला नाही.

बंधुभगिनींनो, आठ वर्षांच्या मुलाला आपण असे बोललो तर तो रडतो आणि संध्याकाळी विसरतो. पन्नाशीचा माणूस रडत नाही आणि विसरतही नाही. त्याच्या पाठीशी त्याची अब्रू असते, घरात त्याचा शब्द असतो, कारखान्यात त्याला मिस्त्री म्हणून हाक मारतात. ते सर्व त्याने दाराबाहेर काढून ठेवावे आणि मग आत यावे, अशी आमची अपेक्षा होती. ती अपेक्षाच मुळी चुकीची होती.

तीन आठवडे आमच्या मनाने घेतले नाही. मग धीर करून आम्ही मिस्त्रींच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मिस्त्री "या गुरुजी" एवढेच बोलले. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी हाताने नको नको अशी खूण केली. पुढे बोलणे सुचेना, तेव्हा आमची दृष्टी फळीवरील एका लाकडी नमुन्याकडे गेली. पाण्याच्या पंपाचे कवच होते ते. शंखासारखे वळत गेलेले. आम्ही सहज विचारले, "लोखंड निवताना आकसतं म्हणतात. मग नमुना किती मोठा ठेवायचा हे तुम्हांला कसं कळतं?"

मिस्त्री उठले आणि आतून दोन लाकडी पट्ट्या घेऊन आले. एक त्यांच्या वडिलांची, काळी पडलेली. म्हणाले, "ही बिडाची फूटपट्टी. ही ॲल्युमिनियमची. ह्यांनी मापायचं, डोकं चालवायचं नाही." आम्ही आमची शाळेची पट्टी शेजारी धरली. त्यांची बिडाची पट्टी फुटाला सुमारे एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब होती. ॲल्युमिनियमची त्याहून किंचित अधिक. बीड निवताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आकसते, ॲल्युमिनियम सुमारे 13 मिलिमीटर, हे आम्ही पुस्तकात वाचून फळ्यावर लिहिले होते. मिस्त्रींनी ते कधी लिहिले नव्हते. त्यांच्या वडिलांनी ते लाकडावर कोरून ठेवले होते. ज्याला आम्ही अडाणी ठरविले, त्याच्या फळीवर आमचा संपूर्ण धडा तयार पडलेला होता.

तेवढ्यात आमच्या लक्षात एक गोष्ट आली. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की पहिली रेघ रेघेला जुळते, पुढची थोडी सरकते, त्यापुढची आणखी थोडी. व्हर्नियर तरी दुसरे काय आहे? त्याच्या सरकत्या पट्टीवरील 10 भाग हे मुख्य पट्टीवरील 9 मिलिमीटरांएवढे असतात; म्हणून प्रत्येक भाग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने लहान. जी रेघ रेघेला जुळेल तिचा क्रमांक पाहावयाचा. तिसरी जुळली तर तीन दशांश. खिशातील कॅलिपर काढून आम्ही पट्ट्यांशेजारी ठेवला आणि काहीही न बोलता मिस्त्रींच्या हाती दिला. त्यांनी तो खिडकीजवळ नेला, चष्मा वर केला, जबडा पुढेमागे सरकविला. चहा निवून गेला. मग ते म्हणाले, "आयला, ह्यो तर आमच्या दोन पट्ट्यांचाच खेळ हाय की गुरुजी!"

आम्ही शाळेत एवढी वर्षे शिकविले. परंतु असा आनंद आम्हांस फार थोड्या वेळा झाला. पुढल्या खेपेस मिस्त्री वर्गावर आले ते विद्यार्थी म्हणून नव्हे. दोन्ही पट्ट्या घेऊन व्हर्नियरचा धडा त्यांनीच दिला. आम्ही मागच्या रांगेत बसलो, आणि सांगावयास आनंद वाटतो की, त्या दिवशी मागच्या रांगेत कोणी झोपले नाही.

या प्रसंगानंतर आम्ही आमची पद्धत मुळापासून बदलली. थोडे वाचनही केले. तेव्हा असे आढळून आले की, आम्ही अडखळत जे शिकलो ते जगात अनेकांनी पूर्वीच ओळखले होते. अमेरिकेतील माल्कम नोल्स यांनी प्रौढांचे शिक्षण हे बालशिक्षणाहून वेगळे शास्त्र मानून 1970 साली त्यावर ग्रंथ लिहिला. प्रौढाला आपण का शिकतो हे आधी कळावे लागते. त्याचा अनुभव हेच त्याचे भांडवल असते. आणि उद्याच्या कामात उपयोगी पडेल तेच तो मनापासून घेतो, असा त्यांच्या विचाराचा सारांश आहे. ब्राझीलचे पाउलो फ्रेरी यांनी तर पेढीत पैसे टाकावेत तसे शिष्याच्या डोक्यात माहिती टाकण्याच्या रीतीवर कठोर टीका केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 ते 1945 या वर्षांत, अमेरिकेतील कारखान्यांत लाखो नवख्या माणसांना काम शिकवावे लागले. तेव्हा तेथे चार पायऱ्यांची एक साधी रीत रूढ करण्यात आली : प्रथम माणसाचा संकोच घालवावा व त्याला काय येते ते विचारावे, मग काम टप्प्याटप्प्याने करून दाखवावे व प्रत्येक टप्प्याचे कारण सांगावे, मग त्याच्याकडून करवून घ्यावे व करताना त्यालाच समजावून सांगावयास लावावे, आणि शेवटी त्याला कामावर एकटे सोडून अधूनमधून विचारपूस करीत राहावे. युद्धानंतर हीच रीत जपानने उचलली. ज्याला काम आले नाही त्याचा दोष शिकविणाऱ्याकडे जातो, हे तिच्यातील मुख्य सूत्र आहे.

तथापि परदेशाकडेच पाहावयास हवे असे नाही. आपल्या कोल्हापूरचीच माती या बाबतीत श्रीमंत आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1917 साली मुलांकरिता सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला हे सर्वश्रुत आहे. परंतु गावकामगार पाटलांना त्यांचे काम नीट करता यावे म्हणून त्यांनी पाटलांची शाळा काढली, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. कामावर असलेल्या प्रौढांना त्यांच्याच कामाचे शिक्षण द्यावे, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीमागे त्यांचीच दृष्टी होती. आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रम व विद्या यांची सांगड घालून रयत शिक्षण संस्था 1919 साली स्थापिली. त्यांनी काही काळ किर्लोस्कर व ओगले यांच्या कारखान्यांचा माल विकण्याचे काम केले होते. कारखान्यांच्या जगाची त्यांना जवळून ओळख होती.

आणि बाबूराव पेंटर! मेस्त्री आडनावाच्या घरात 1890 साली जन्मलेल्या या पुरुषाने कारागीर वडिलांकडून हस्तकौशल्य घेतले, आणि विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी येथेच तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 साली पडद्यावर आला. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ती कंपनी म्हणजे एक शाळाच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तेथे काम करता करता शिकली. पडदे रंगविणे, यंत्र उघडून पुन्हा जोडणे, फिल्म धुणे, पडेल ते काम करणे, हाच त्यांचा अभ्यासक्रम. त्याच मंडळींनी 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढण्यात पुढाकार घेतला, आणि दामले-फत्तेलाल यांचा 1936 चा 'संत तुकाराम' पुढे व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. कोणत्या फळ्यावर, कोणत्या व्याख्यानाने हे घडले असते?

आता आमच्या वर्गात आम्ही कोणत्या रीती पाळू लागलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, बोलण्याआधी विचारणे. ओल्या लेडलचा धोका सांगताना आम्ही आता व्याख्यान देत नाही. आम्ही विचारतो : "कढईत तेल तापलंय आणि ओला झारा आत गेला, तर काय होतं?" प्रथम आमच्या भगिनी हसतात, कारण ते त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक असते. कोणी हातावरचा डाग दाखविते. मग प्रश्न पुढे सरकतो : "तेलाऐवजी 1400 अंशांचा रस असला तर?" मग आम्ही एवढेच सांगतो की, पाण्याची वाफ होते तेव्हा ते 1600 पटींहून अधिक जागा मागते, रसाखाली सापडलेल्या पाण्याला ती जागा मिळत नाही, म्हणून ते रसच उडवून लावते. त्यानंतर प्रत्येक जण आपापला प्रसंग सांगतो. आणि कोठे कोणती काळजी घ्यावी याचे नियम कारागीर स्वतः तयार करतात. साहेबाने वाचलेला नियम माणूस विसरतो. स्वतः घातलेला नियम मोडताना त्याला लाज वाटते.

दुसरी गोष्ट, वस्तू हातात देणे. वर्गाच्या मध्यभागी आम्ही एक मेज ठेवले आहे. त्यावर कारखान्यांतून नापास झालेले ओतकामाचे तुकडे असतात. चार-चार जणांच्या टोळ्या करून प्रत्येक टोळीस एक तुकडा देतो आणि विचारतो, हा का बिघडला? वायूने पोकळी पडली असेल, वाळू सुटली असेल, रस थंड झाला असेल, नमुन्याला पुरेसा उतार नसल्याने साचा तुटला असेल. वाद रंगतो. साचेवाला म्हणतो नमुन्याची चूक, नमुनेवाला म्हणतो साच्याची. त्या वादात जे शिक्षण होते ते आमच्या दहा व्याख्यानांत झाले नसते. आमचे काम एवढेच की, भांडण माणसावर न जाता तुकड्यावरच राहील हे पाहावयाचे.

तिसरी गोष्ट, थोडे शिकविणे व पुन्हा पुन्हा विचारणे. जर्मनीतील एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखविले की, पाठ केलेले विसरण्याचा वेग प्रारंभीच सर्वांत अधिक असतो, आणि मध्ये अवकाश सोडून केलेली उजळणी ते टिकवून धरते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट. पुढील खेपेस प्रारंभी तिचीच विचारणा. महिन्याने पुन्हा एकदा. एका दिवसात सर्व शिकवून टाकणारी शिबिरे म्हणजे पी हळद आणि हो गोरी यातला प्रकार होय.

चौथी गोष्ट, पाहणे. वहीतील सही हा शिकल्याचा पुरावा नव्हे. कॅलिपर शिकविला, तर पंधरा दिवसांनी त्या माणसाच्या यंत्रापाशी जाऊन त्याला माप घेताना पाहावे. मुखपट्टी शिकविली, तर ती कामाच्या वेळी तोंडावर आहे की खुंटीवर, ते पाहावे. एका भगिनीने आम्हांस विचारले, "गुरुजी, धूळ रोजचीच हाय, मग आजच काय झालं?" प्रश्न रास्त होता. वाळूची अतिसूक्ष्म धूळ छातीत साठत जाते आणि वर्षानुवर्षांनी फुप्फुस निकामी करते. ती भाजल्यासारखी लगेच दुखत नाही, म्हणूनच अधिक घातक. हे त्यांना पटले. परंतु पुढे कळले की, मिळालेली मुखपट्टी त्यांच्या चेहऱ्यास सैल होती. आम्ही कारखान्यात गेलो नसतो तर हे कधी कळलेच नसते, आणि बायका ऐकत नाहीत असा शेरा मारून आम्ही मोकळे झालो असतो.

पाचवी गोष्ट, चारचौघांत कोणाचेही न्यून न काढणे. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याला वाचावयास उठवू नये. त्याला काय येते ते आधी एकांतात जाणून घ्यावे, आणि तेथूनच आरंभ करावा. हा नियम आम्ही कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही. त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

हे सर्व ऐकून आमचा वर्ग फार यशस्वी झाला असा ग्रह कोणी करून घेऊ नये. 2020 साली टाळेबंदीत वर्ग बंद पडला, तो पुन्हा सुरू करताना निम्मी माणसे पांगली होती. काही मालक आपलेच ज्ञातिबांधव असूनही म्हणतात, "कारागीर शिकला की दुसरीकडे जातो." त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, न शिकता तो तुमच्याकडेच राहिला, तर ते अधिक महाग पडेल. आणि ज्या मिस्त्रींची कथा सांगितली त्यांचे म्हणाल, तर संगणकावर नमुना काढण्याची विद्या त्यांना पूर्णपणे आली नाही. परंतु त्यांचा पुतण्या ती करतो, आणि नमुन्याला उतार किती ठेवावा, कोठे जाडी वाढवावी हे काकांना विचारतो. पडद्यासमोर दोघे शेजारी बसलेले आम्ही पाहिले आहेत. कोण कोणाला शिकवीत होता, हे सांगणे कठीण होते.

आता संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. एक : विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाबरोबर, ज्या मिस्त्रींनी वर्षभरात निदान एका माणसाला आपली विद्या हातचे न राखता दिली, त्यांचाही सत्कार याच व्यासपीठावर व्हावा. दोन : वर्गावर शिकविणाऱ्या कारागिरास त्या दिवसाची मजुरी संस्थेने द्यावी; विद्यादान हे पुण्य खरे, परंतु चूल पुण्यावर पेटत नाही. तीन : आपल्या समाजात ज्यांचे कारखाने आहेत त्यांनी आठवड्यातून एक तास, कामाच्या वेळेतूनच, या शिक्षणास द्यावा. दमून आलेल्या माणसाची झोप कापून दिलेले शिक्षण झोपेतच जाते, याचा आम्हांस भरपूर अनुभव आहे.

शेवटी एवढेच सांगावयाचे. ज्या मुलाचा पाय भाजला तो आता बरा आहे. चालताना किंचित लंगडतो. नव्या माणसांच्या पहिल्या वर्गाला तो येतो. भाषण करीत नाही. बूट काढून पाय पुढे करतो आणि विचारतो, "सांगा बघू, काय चुकलं असेल?" मग तो गप्प बसतो, आणि माणसे बोलू लागतात. आमच्या साऱ्या शिक्षकीत आम्ही विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाहून तो प्रश्न मोठा आहे. असा प्रश्न विचारण्याची पाळी आपल्या समाजातील दुसऱ्या कोणत्याही मुलावर येऊ नये, म्हणून हा वर्ग चालला पाहिजे.

 काही अधिक-उणे बोलणे झाले असल्यास वडील मंडळींनी क्षमा करावी, आणि वर्गाचे दार सुट्टीच्या दिवशी सकाळी उघडे असते हे ध्यानात ठेवावे.